धुळीची पेटी आणि तळहाताएवढा ढग

एका राज्यात, वैशाख वद्य नवमीला, सूर्य उगवून तिसरी घटका भरली, राजवाड्याच्या अंगणातलं घटिकापात्र पाण्यात टुपकन बुडालं, आणि नेमक्या त्याच क्षणी आभाळातला शेवटचा ढग विरून गेला. कापसाच्या पेळूएवढा होता. आधी त्याच्या कडा गेल्या, मग मधला भाग गेला, मग काहीच उरलं नाही. वर नुसतं निळं आभाळ, घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं लख्ख.

राणी केतकावती सज्जात उभी होती. कडेवर तिची लेक, राजकन्या सोनसळी. लेकीने बोट वर केलं आणि म्हणाली, "गेला." तिला मोजकेच शब्द येत होते, त्यातला हा एक.

राणीने लेकीला घट्ट धरलं. ढग का जातात हे राज्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण कधीपासून जाताहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सोनसळीच्या बारशापासून.

त्या बारशाला डोंगरावरचा मांत्रिक निर्मळनाथ आला होता. मोठा सामर्थ्याचा पुरुष. त्याच्या जटासुद्धा विंचरलेल्या असत. पाळण्याशी उभा राहून तो म्हणाला, "राणी, एक वर माग."

दुसरी कुणी असती तर तिने लेकीसाठी रूप मागितलं असतं, राज्य मागितलं असतं. पण केतकावती नवी आई. लेक झोपली की हिचा जीव वर, ती श्वास घेतेय ना म्हणून नाकापाशी बोट धरून बसायची. आणि नेमक्या त्याच वेळी खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली, धुळीचे कण उन्हात नाचले, आणि बाळाला शिंक आली. एकच, आणि तीही एवढीशी. राणी घाईघाईने म्हणाली, "महाराज, माझ्या लेकीच्या पायाला धुळीचा कण लागू नये. या राज्यात धूळच नको."

"तथास्तु," निर्मळनाथ म्हणाला.

झालं. रस्त्यावरची धूळ उठली, शेतातली उठली, कपाटामागची, देव्हाऱ्यामागची, बैलांच्या खुरांमधली, सगळी उठली आणि रांगेने डोंगराकडे चालती झाली. तिथे एका पेटीत जाऊन बसली. पेटीला तीन कुलपं लागली.

लोकांना आनंद झाला. धुतलेलं धोतर आठवडाभर पांढरं राहू लागलं. चुलीतून धूर निघेना, दिव्यावर काजळी धरेना. बायका म्हणाल्या, असं सुख कुणी पाहिलं नाही. आणि मग एकेक करून ढग कमी होऊ लागले.

तेव्हा दरबार भरला. प्रधान वाचस्पती उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "महाराज, ढग हे आभाळातले पाहुणे. पाहुणे येत नाहीत याचा अर्थ घरात कुठेतरी केर राहिला आहे."

सगळ्यांना हे पटलं. त्या राज्याची रीतच तशी, अडचण आली की आधी झाडून घ्यायचं. मग राजा धवलसेनाने दवंडी पिटली, आणि धूळ नसलेलं राज्य लोक पुन्हा झाडू लागले. गच्चीवर चढून लांब बांबूला केरसुणी बांधायची आणि हवासुद्धा झाडायची. जितकं झाडावं तितकं आभाळ मोकळं होत गेलं. आणि जितकं मोकळं होत गेलं, तितकं ते जास्त झाडू लागले.

इकडे तळं आटत चाललं. तळ्याच्या मध्यावर दगडाचा नंदी होता, एरवी त्याची नुसती शिंगं दिसायची. आता पाणी त्याच्या गळ्याशी आलं.

राजा राणीला म्हणाला, "राणी, नंदीचे गुडघे उघडे पडले की सोनसळीला आजोळी पाठवायचं. डोंगरापलीकडे पाणी आहे. तिथे ती सुखात राहील."

"आणि मी?"

"तू पट्टराणी. प्रजा इथे तहानलेली असताना तुला कसं जाता येईल?"

"मग तिला तरी कसं जाता येईल, महाराज? तिला अजून शिंकासुद्धा नीट देता येत नाहीत."

राजालाही लेक जड नव्हती. तो तळ्याकडे बघत राहिला.

शेवटचा ढग विरला त्याच दिवशी दुपारी सज्जाच्या कठड्यावर एक तपकिरी पक्षीण येऊन बसली. डोक्यावर छोटासा तुरा. बसल्या बसल्या ती कठड्याला पाठ घासू लागली. ती चंडोल होती. चंडोल आभाळात सरळ उभा चढत जातो आणि चढता चढता गातो. ही मात्र गात नव्हती.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "जरा पाठ खाजवता का?"

राणीने बोटाने तिची पाठ खाजवली. "बरं वाटतं का आता?"

"कसलं बरं. आमच्या जातीत पाण्याने न्हात नाहीत, धुळीने न्हातात. तुमच्या लेकीचं बारसं झालं तेव्हापासून मी पारोशी आहे. पारोश्या तोंडाने गायचं कसं?"

राणी ओशाळली. "चंडोलबाई, तुम्ही वर जाता. ढग कुठे गेले?"

"गेले कुठेच नाहीत. वर पाणी आहे, रग्गड आहे. पण ते धरत नाही. का धरत नाही, ते निर्मळनाथाच्या पेटीला विचारा."

"महाराजांच्या हुकमाने प्रधानजी आणि सेनापती गेलेत की विचारायला."

"गेलेत," चंडोल म्हणाली. "आले का?"

राणी उठली. राजाने तिला दारात गाठलं. "तू जाणार? पायी? लेकीला घेऊन?"

"तिला कुणाकडे ठेवू?"

"एवढ्या दासी आहेत."

"दासींना ती कोणत्या कुशीवर झोपते ते माहीत नाही, महाराज."

"जा तर मग," राजा म्हणाला. "पण नंदीचे गुडघे दिसायच्या आत ये."

राणीने झोळी भरली. तांब्या घेतला, दुपटी घेतली, पेजेचं भांडं घेतलं, हिंग घेतला, वेखंड घेतलं, पुन्हा एक दुपटं घेतलं. माहेरहून आलेली काजळाची डबी उघडली. ती बारशाआधीची होती. राज्यात आता काजळ धरतच नव्हतं. बोट फिरवून तळाशी उरलं होतं तेवढं तिने काढलं आणि लेकीच्या गालावर ठसठशीत तीट लावली. मग दुसऱ्या दिवशी पहाटे लेकीला पाठीशी बांधलं आणि निघाली. चंडोल पुढे, राणी मागे.

डोंगराच्या वाटेवर मधोमध दोन केरसुण्या पडल्या होत्या. राणी थबकली. केरसुणीला पाय लावायचा नसतो, ओलांडायचीही नसते, ती लक्ष्मी. राणी वाकली, केरसुण्या उचलल्या, कपाळाला लावल्या आणि वाटेच्या कडेला एका दगडाशी नीट उभ्या केल्या.

"उपकार झाले, राणीसाहेब," एक केरसुणी म्हणाली. "बकऱ्या तुडवून जात होत्या."

"कोण आपण?"

"मी वाचस्पती."

"प्रधानजी? असे कसे झालात?"

"पेटीच्या कुलपाने मला प्रश्न विचारला. मी म्हटलं, आधी तुझ्यावरचे डाग घासतो, मग उत्तर देतो. दुसऱ्या क्षणी हा असा, आणि घरंगळत इथवर आलो."

"आणि या दुसऱ्या?"

"सेनापती गजकेसरी. त्यांनी कुलपावर गदा हाणली. ते बोलत नाहीत, रागावलेत."

दुसरी केरसुणी खरंच फणकारल्यासारखी सळसळली. राणीने दोघांना काखेत मारलं आणि पुढे चालू लागली. चंडोल वळून म्हणाली, "बाईसाहेब, एक हात मोकळा ठेवा. तुमचीही केरसुणी झाली तर लेकीला उचलणार कोण?"

ते ऐकून राणीने एकदा खालच्या वाटेकडे पाहिलं. पण मागे फिरली असती तर लेक आजोळी गेली असती. ती चढत राहिली.

शिखरावर मोठा काळा कातळ होता. बारशापासून त्यावर सावली पडली नव्हती, त्यामुळे तो तव्यासारखा तापला होता. कातळाच्या खोबणीत, आतल्या अंगाला, एक झरा होता, त्याचं पाणी दात शिवशिवतील असं गार. झऱ्याच्या काठाशी काळी पेटी होती आणि पेटीभोवती निर्मळनाथ झाडत होता. झाडायला काहीच नव्हतं. तरी झाडत होता.

"महाराज," राणी हात जोडून म्हणाली, "तुम्ही दिलेला वर परत करायला मी आले."

"वर परत घेता येत नाही, मुली," तो म्हणाला. त्याचा हात थांबला नाही. "वर देणाऱ्यालाही तो पाळावा लागतो. बघतेस ना, मी बसलेलो नाही. पेटी उघडली तर तुझं काम होईल आणि माझी कंबरही सुटेल. कुलपांशी बोल. चुकलीस तर पायापासून केरसुणी होशील. थोडी चुकलीस तर थोडी होशील."

पहिलं कुलूप तांब्याचं होतं. ते म्हणालं, "बाई, या हवेत पाणी आहे. दाखव. झऱ्यात हात बुडवायचा नाही, अंगाचा घाम चालणार नाही."

राणीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हवा ती हवा. तिने पदर हलवला, काही नाही. ओंजळ मिटली, काही नाही. तिच्या पायाची करंगळी कडक झाली, तिला केरसुणीसारखी शिंदीची पात फुटली.

तेवढ्यात सोनसळी कुरकुरली. तिला तहान लागली होती. कुलपाचं काय व्हायचं ते होवो, लेकीला पाणी आधी. राणीने तांब्या दोरीने झऱ्यात सोडला, गार पाणी भरून वर काढला, पदराने बाहेरून कोरडा ठणठणीत पुसला आणि जरा गारठा मोडू दे म्हणून मांडीपाशी ठेवला. इतकं गार पाणी तिने लेकीला कधी दिलं नसतं. म्हणून बसली वाट पाहत.

सोनसळीने पाठीवरून वाकून तांब्यावर बोट ठेवलं. बोट ओलं झालं. तिने तांब्यावर रेघ ओढली, रेघ उमटली. तांब्या बाहेरून घामेजला होता, बारीक बारीक थेंबांनी भरून गेला होता.

राणीने तांब्या पुसला. पुन्हा थेंब आले. तिने वाकून तळ पाहिला, कुठे गळत नव्हतं. आतलं पाणी आतच होतं.

"कुलूपदादा," ती हळूच म्हणाली, "हे पाणी तांब्यातलं नाही. हे भोवतीच्या हवेतलं. हवेला गार अंग मिळालं की तिच्यातलं पाणी दिसायला लागतं."

"बरोबर," म्हणत पहिलं कुलूप खटकन पडलं. करंगळीची पात गळून पडली.

दुसरं कुलूप रुप्याचं. त्याचा आवाज जरा नाकातला. "वर आभाळ याहून गार आहे. पण आभाळात तांब्या कुठे आहे? मग तिथे थेंब कशावर बसतो? बसवून दाखव."

राणी विचारात पडली. थेंब बसला तो तांब्यावर. सकाळी दव बसतं ते गवतावर. ते तर राज्यात अजूनही पडत होतं. म्हणजे थेंब आपला आपण होत नाही, त्याला टेकायला काहीतरी लागतं. घरी पाहुणा आला तरी आपण पाट मांडतो, तेव्हा तो बसतो. पाट नाही मांडला तर पाहुणा दारात उभाच, आणि थोड्या वेळाने निघून जातो.

"चंडोलबाई," तिने विचारलं, "पूर्वी तुम्ही वर चढायचात तेव्हा तिथे काय असायचं? वारा सोडून."

"वारा सोडून? डोळ्यात जायचं ते. तुमच्या रस्त्यांवरची धूळ. शेतातली. चुलींचा धूर."

राणीने कपाळावर हात मारला. "धूळ हा थेंबाचा पाट होता. आम्ही सगळे पाट उचलून पेटीत घातले आणि वर पाहुण्यांनी यावं म्हणून दार झाडत बसलो."

काखेतली प्रधानांची केरसुणी एवढंच म्हणाली, "अरेरे."

"उत्तर ठीक," कुलूप म्हणालं. "पण मी बसवून दाखव म्हटलं होतं."

आता आली पंचाईत. पाट हवा तर धूळ हवी, आणि धूळ सगळी पेटीत. राणीने झोळी झटकली. स्वच्छ. दुपटी झटकली, स्वच्छ. चंडोलीने पंख झाडून पाहिले, सेनापतींनी रागारागाने स्वतःला आपटून पाहिलं. एक कण निघाला नाही.

मग राणीने लेकीला पाठीवरून पुढे घेऊन पोटाशी बांधलं आणि तिची नजर लेकीच्या गालावर गेली. काळी तीट. दिव्याची काजळी. धुळीचीच बहीण.

तिचा हात पुढे झाला आणि मागे आला. असा उघडा डोंगर, असा मांत्रिक, अशी बोलणारी कुलपं, आणि लेकीच्या गालावर तीट नाही? राज्यात दुसरं काजळही नाही. जन्मल्यापासून एक दिवस तिने लेकीला तिटेवाचून ठेवलं नव्हतं. दृष्ट लागली तर कुणी काढावी?

"बाईसाहेब," चंडोल म्हणाली, आणि पहिल्यांदाच थट्टा न करता म्हणाली, "मी बघते तिच्याकडे. माझी नजर चांगली आहे."

राणीने डोळे मिटून लेकीच्या गालावरून अंगठा फिरवला. तीट अंगठ्यावर आली. मग तिने ओंजळभर पाणी तापल्या कातळावर ओतलं. चर्र झालं. पाणी नाहीसं झालं, ऊब वर निघाली, पण दिसेना. कातळाला लागून असलेली हवा कढत होती, वर हाताभर उंचीवर झऱ्याची गारवट हवा वाहत होती. राणीने अंगठा आणि तर्जनी चोळून ते काजळ त्या उबेत फुंकलं.

आणि कोपराएवढ्या उंचीवर काहीतरी पांढरं धरलं. आधी नखाएवढं. मग बोराएवढं. मग तळहाताएवढं. वरून भाकरीसारखं टम्म फुगलेलं, आणि खालून अगदी सपाट, फळीवर मांडून ठेवल्यासारखं.

"ढग," प्रधान म्हणाले.

"खालून सपाट का?" रुप्याचं कुलूप पडता पडता विचारून गेलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"खाली हवा कढत आहे, तिथे पाणी दिसत नाही," राणी म्हणाली. "या उंचीवर गारवा सुरू होतो, म्हणून सगळे थेंब इथूनच धरायला लागतात. पंक्तीत सगळे पाट एका रेषेत मांडतात ना, तसं."

सोनसळी ढगाकडे बघून खिदळली. "आला," ती म्हणाली. हा शब्द तिचा नवा होता.

तिसरं कुलूप लोखंडी. ते जड आवाजात म्हणालं, "हा ढग टिकव. निर्मळनाथ झऱ्यात घटिकापात्र सोडील, ते बुडेपर्यंत त्याचा आकार मोडता कामा नये."

घटिकापात्र पाण्यावर तरंगू लागलं. त्याच्या बुडाच्या भोकातून पाणी हळूहळू आत येऊ लागलं.

राणीने काय केलं? आईने जे केलं असतं तेच. ढगाच्या कडा विरताना दिसल्या तशी ती घाबरली आणि तिने दोन्ही हातांनी ढग धरायला पाहिलं. जिथे हात लागला तिथे तो ओला होऊन नाहीसा झाला. मग तिने त्याला वारा लागू नये म्हणून पदराने झाकलं, चारी बाजूंनी घट्ट. आत बघते तर ढग लिंबाएवढा राहिलेला. तिच्या दोन्ही पावलांना घोट्यापर्यंत शिंदीच्या पाती फुटल्या.

"काढा तो पदर," चंडोल ओरडली. "पदरामुळे खालची ऊब वर येईना आणि वरचा गारवा खाली येईना. जीव घ्याल त्याचा."

राणीने पदर काढला. हात मागे बांधले. हे तिला सगळ्यात अवघड गेलं. आणि हात बांधले तेव्हा कुठे तिला नीट दिसायला लागलं.

ढगाच्या कडेचे थेंब बाहेरच्या कोरड्या हवेत जात होते आणि विरत होते. त्यांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. थेंब जाता जाता काजळाचा कण मागे सोडत होता आणि तो कण फिरून खाली येत होता. आणि खालून, सपाट बुडापाशी, नवी ऊब वर येत होती, गार होत होती, त्याच कणावर नवा थेंब बसत होता. थेंब जरासे खाली पडतही होते, पण इतके हलके की खालची ऊब त्यांना पुन्हा वर झेलत होती, बाळाला उडवून झेलावं तसं. जेवढे जात होते तेवढे येत राहिले, तर ढग जसाच्या तसा. येणं थांबलं, तर ढग गेला.

"म्हणजे त्याला धरायचं नाही," राणी स्वतःशी म्हणाली. "त्याला खालून घालत राहायचं."

तिने कातळावर ओंजळ रिती केली. ढग लिंबाचा पेरू झाला. घाईने दुसरी ओतली तर कातळ थोडा निवला आणि ढग पुन्हा बारीक झाला. मग तिला अंदाज आला. पेज भरवताना असतो तसा. एक घास, मग थांबायचं, तोंड रिकामं झालं की दुसरा. एक चूळभर पाणी, मग थांबायचं, कातळ पुन्हा तापला की दुसरं. ढग पुन्हा तळहाताएवढा झाला आणि तसाच राहिला. वर फुगीर, खाली सपाट. डावीकडे त्याला एक छोटंसं टेंगूळ होतं, तेसुद्धा राहिलं.

ती ओतत राहिली आणि मधेच लेकीकडे बघू लागली. बारशाला होती ती सोनसळी आता कुठे होती? ती जावळं गेली, ते बोळकं गेलं, ती मुठी मिटून झोपायची सवय गेली. आणि तरी ही सोनसळीच होती. राणीला हसू आलं.

टुपकन घटिकापात्र बुडालं.

"एक विचारतो," लोखंडी कुलूप म्हणालं. "हा तोच ढग का?"

"रूप तेच," राणी म्हणाली. "थेंब सगळे नवे."

कुलूप पडलं. तिच्या पावलांच्या पाती गळून गेल्या. पेटीचं झाकण आपोआप उघडलं.

आत सगळ्या राज्याची धूळ होती. तांबडी, काळी, राखाडी, पिठासारखी मऊ. पण ती निपचित पडून होती. वारा आला, ती हलली नाही. चंडोलीने पंख मारले, हलली नाही. राणीने मूठ भरून उधळली तर दगडासारखी पुन्हा पेटीतच पडली.

निर्मळनाथ म्हणाला, "कुलपं माझी होती, ती तू उघडलीस. शब्द मात्र तुझे होते. आठव, काय म्हणाली होतीस."

राणीला आठवलं. माझ्या लेकीच्या पायाला धुळीचा कण लागू नये.

तिने खाली पाहिलं. खाली दरीत राज्य दिसत होतं, तळं दिसत होतं, तळ्यात नंदी. पाणी त्याच्या छातीखाली गेलं होतं. लेक जन्मल्यापासून कडेवर राहिली होती, तिच्या तळव्यांना फरशीसुद्धा ठाऊक नव्हती. तळवे अजून लोण्यासारखे.

"महाराज, तिला शिंक आली तर?"

"येईल," निर्मळनाथ म्हणाला.

"पडली तर?"

"पडेल."

सोनसळी पेटीकडे झेप घेत होती. तिने दोन्ही हात पुढे केले होते. "खाली," ती म्हणाली. "खाली, खाली."

राणीने तिला काखेखाली धरलं आणि अलगद पेटीतल्या धुळीत उभं केलं. मग एक बोट सोडलं. मग दुसरं. मग सगळीच.

लेक उभी राहिली. डुलली. आपल्या पायांकडे बघितलं, बोटं धुळीत रुतवली. मग एक पाऊल टाकलं, आणि दुसरं टाकताना सपशेल बसली. धप्प. धूळ उडाली. सोनसळीला एक शिंक आली, दुसरी आली, आणि ती खदखदून हसत दोन्ही हातांनी धूळ उधळू लागली.

तशी सगळी धूळ जागी झाली. पेटीतून उसळली, डोंगरावरून उतरली, आपापल्या घरी निघाली. रस्त्याची रस्त्यावर, शेताची शेतात, कपाटामागची कपाटामागे. जी हलकी होती ती वर गेली. काखेतल्या केरसुण्या खाली पडल्या आणि माणसं होऊन उठल्या. सेनापती गजकेसरींना एकामागून एक शिंका येत होत्या आणि ते प्रत्येक शिंकेला "वाहवा" म्हणत होते. चंडोल पेटीच्या तळाशी उरलेल्या धुळीत लोळत होती. कुणाशी बोलायला तिला सवड नव्हती. निर्मळनाथाने झाडू टेकवला आणि बारशापासून पहिल्यांदा खाली बसला. "आई गं," म्हणाला कमरेला हात लावून.

दुपारपर्यंत राज्यातल्या रानांवरून ऊब वर निघाली. वर गारवा होता, गारव्यात आता पाट मांडलेले होते. एकाच उंचीवर, एकाच रेषेत, पांढरे ढग धरू लागले. राणी डोंगर उतरून वेशीशी आली तेव्हा पहिली सावली रस्त्यावरून तिच्या पुढे चालत होती. सोनसळी त्या सावलीमागे चालत होती, चार पावलं, मग धप्प, मग पुन्हा चार. राणी मागून येत होती. तिचे हात पुढे झालेले होते, पण तिने ते लावले नाहीत.

राजा वेशीपर्यंत धावत आला. लेकीला मातीत माखलेली पाहून क्षणभर त्याला कळेना कुणाची पोर. कळलं तेव्हा त्याने मुकुटासकट मांडी घातली आणि तिथेच रस्त्यात बसला. सोनसळीने त्याच्या पांढऱ्या अंगरख्यावर दोन्ही पंजे उमटवले.

"आजोळी?" राणीने विचारलं.

"जाऊ की," राजा म्हणाला. "दिवाळीला. तिघं मिळून."

यथाकाल पाऊस झाला, तळं भरलं, सगळं रीतीप्रमाणे झालं. लोक सकाळी अंगण झाडायचे ते झाडतच राहिले. पण हवा झाडणं सोडलं. लांब बांबू होते ते प्रधानजींनी दोडक्याच्या मांडवाला देऊन टाकले. आणि संध्याकाळची राज्यात नवीच भांडणं सुरू झाली. गच्च्यांवर लोक उताणे पडायचे. कुणी म्हणायचं तो ढग हत्ती आहे, कुणी म्हणायचं छे, ती तर आमची आत्या, पाट्यावर वाटण वाटतेय. सेनापतींना प्रत्येक ढगात किल्ला दिसायचा. भांडण मिटायच्या आत हत्तीची सोंड विरायची, पाठीकडून नवं काही वर यायचं, आणि कुणीच हरायचं नाही.

तर मंडळी, गोष्ट ऐकलीत, ती इथे ठेवून जाऊ नका. शेजारी सांगा, पलीकडच्या आळीत सांगा, लेकीसुनांना सांगा. आणि जिचं मूल अजून कडेवर आहे आणि जी त्याला खाली सोडायला घाबरतेय, तिला आधी सांगा. तिला अंगणात घेऊन या, वर बघायला सांगा, आणि मग सांगा.